सवाल, जबाब आणि काव्य : प्रश्नमंजुषेच्या सभेतील कवितेचे स्थान

१

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात विधुरपंडित जातकाची कथा चित्रित केलेली आहे. झोक्यावर बसलेल्या नागकन्या इरंदतीचे चित्र पाहावयास प्रेक्षक थांबतो. परंतु ज्या कथेतील ते दृश्य आहे, ती कथा मुळात एका कोड्यावर उभी आहे. नागराणी विमला हिला विधुराची वाणी ऐकण्याची उत्कंठा लागते, आणि आपली इच्छा ती 'विधुराचे हृदय हवे' अशा शब्दांत प्रकट करते. इरंदतीवर अनुरक्त झालेला पुण्णक यक्ष या शब्दांचा वाच्यार्थच घेतो. इंद्रप्रस्थाच्या राजाला द्यूतात जिंकून तो विधुराला पणात मिळवतो आणि हृदय काढून नेण्यासाठी त्याचा वध करू पाहतो. विधुर मात्र त्याला कारण विचारतो, त्याच्याशी बोलतो, त्याला उपदेश करतो. आणि अखेरीस असे उलगडते की पंडिताचे हृदय म्हणजे त्याची प्रज्ञा, व ते मिळवण्याचा मार्ग म्हणजे त्याचे बोलणे ऐकणे. पुण्णकाला एक उत्तर सापडले होते. परंतु ते उत्तर सापडताच प्रश्नच नाहीसा होणार होता. विधुराने दिलेल्या उत्तराने प्रश्न अधिक अर्थपूर्ण झाला.

शेजारच्या पहिल्या लेण्याच्या छतावर मद्यपानाचे प्रसिद्ध दृश्य आहे. परदेशी वेषातील पुरुष हाती चषक घेऊन बसला आहे व सेवक-सेविका भोवती आहेत. एके काळी फर्ग्युसनसारख्या अभ्यासकांनी त्याचा संबंध इराणच्या दुसऱ्या खुस्रोशी जोडला होता. ही लेणी वाकाटक हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असे मानले जाऊ लागल्यावर तो तर्क मागे पडला. प्रस्तुत लेखापुरते महत्त्व एवढ्यालाच आहे की, पानगोष्ठी आणि प्रश्नकथा ही दोन्ही त्या काळच्या नागर जीवनाची परिचित अंगे होती, आणि भिक्षूंच्या निवासातही चित्रकाराला ती वर्ज्य वाटली नाहीत.

हे स्मरण होण्यास निमित्त आजचे आहे. आपल्या महानगरांतील पबमध्ये आठवड्याच्या ठरलेल्या सायंकाळी प्रश्नमंजुषा होते, आणि त्याच ठिकाणी, क्वचित त्याच बैठकीत, नवोदित कवी आपल्या कविता वाचतात. दोन्हींचा सूत्रधार पुष्कळदा एकच असतो. या प्रकाराकडे साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करावे, असे अनेकांचे मत असेल. परंतु त्यातून उद्भवणारा प्रश्न जुना आणि गंभीर आहे. ज्या सभेत प्रश्नाला उत्तर देण्याची स्पर्धा चालते, त्या सभेत कवितेला स्थान आहे काय? असल्यास ते कोणत्या अटीवर?

२

प्रथम परंपरेची साक्ष पाहू. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त नागरकाच्या आयुष्यक्रमाचे वर्णन करताना पाच सामूहिक विनोद सांगितले आहेत : देवतांच्या निमित्ताने होणारा समाज, गोष्ठी, एकत्र पान, उद्यानगमन आणि समस्याक्रीडा. यांपैकी पहिला पक्षातून वा महिन्यातून ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात भरावा असे विधान आहे. नियतकालिक बैठकीची कल्पना, म्हणजेच 'अमुक दिवशी सर्वांनी जमावयाचे' ही शिस्त, इतकी जुनी आहे. गोष्ठीत काव्यासंबंधी व कलांसंबंधी समस्या चर्चिल्या जात. आणि चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका, प्रतिमाला म्हणजे आजची अंत्याक्षरी, आणि काव्यसमस्यापूरण ही शेजारीशेजारी आलेली आहेत. कोडे, स्मरणशक्तीची परीक्षा आणि काव्यरचना हे एकाच सभेचे व्यवहार होते. पान हेही त्या वर्तुळाबाहेरचे नव्हते.

परंतु त्याच ग्रंथातील एक अट आपण वाचून पुढे जातो. गोष्ठी कोणाची? विद्या, बुद्धी, शील, वित्त आणि वय यांनी समान असणाऱ्यांची. वित्त हा शब्द तेथे अकारण आलेला नाही. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त राजसभेची रचना सांगताना संस्कृत कवींना उत्तरेस, प्राकृत कवींना पूर्वेस, अपभ्रंश कवींना पश्चिमेस आणि भूतभाषेच्या कवींना दक्षिणेस बसवले, व प्रत्येकामागे कोणत्या व्यवसायाच्या लोकांनी बसावे हेही ठरवून दिले. सभेत सर्व भाषांना जागा आहे, पण प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली आहे. काव्य आणि प्रश्न यांना एकत्र आणणारी सभा कोणाला बाहेर ठेवते, हा विचार केल्याविना तिचे मूल्यमापन पुरे होत नाही. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

३

साहित्यशास्त्रकारांनी प्रहेलिकेविषयी एकमुखाने मत दिलेले नाही. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार मोजले आणि तिचा उपयोगही सांगितला : क्रीडागोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणकारांनी करावयाचे गुप्त भाषण, आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे. भामहाची वृत्ती वेगळी आहे. काव्येही शास्त्राप्रमाणे टीकेवाचून कळेनाशी झाली, तर तो केवळ बुद्धिमंतांचा उत्सव होईल आणि मंदबुद्धींचा मात्र घात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. शतकांनंतर विश्वनाथाने प्रहेलिका ही रसाला विरोधी असल्याने अलंकारच नव्हे, असा निर्णय दिला.

या मतांतील भेद पुष्कळदा अभिरुचीचा भेद मानला जातो. वस्तुतः तो प्रसंगाचा भेद आहे. दंडीच्या दृष्टीसमोर गोष्ठी आहे, माणसे समोरासमोर बसली आहेत. विश्वनाथाच्या दृष्टीसमोर रसास्वाद घेणारा एकटा सहृदय आहे. भामहाला मात्र दोघांहून निराळी चिंता आहे : न समजणाऱ्याचे काय? मराठी समीक्षेने विश्वनाथाचा निकष, त्याचे नाव न घेताही, जवळजवळ तसाच स्वीकारला. कूट रचना म्हणजे बुद्धीची कसरत, ती काव्य नव्हे, या एका वाक्यात शाहिरी वाङ्मयाचा एक मोठा भाग निकालात निघाला. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) या ग्रंथासारख्या अभ्यासांनी लावणीला गंभीर विवेचनाचा विषय बनवले. तरीही शृंगारिक लावणीच्या वाट्याला जेवढी सहानुभूती आली, तेवढी भेदिक लावणीच्या वाट्याला आलेली नाही.

संतकाव्याच्या बाबतीत मात्र हाच निकष आपण लावत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंगीची प्रतिमा असलेला मुक्ताबाईंचा कूट अभंग आणि पैठणच्या एकनाथांची कोड्यांची भारुडे यांना आपण काव्य मानतो. त्यांतील कोडे सुटले तरी रचना संपत नाही, हे त्याचे कारण. यावरून कोडे असणे हा दोष नसून कोडे सुटताच रचना रिकामी होणे हा दोष आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

४

या कसोटीवर कलगी-तुऱ्याचा फड तपासून पाहू. कलगीवाले शक्तीला, मायेला, प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला, पुरुषाला. दोन पक्ष समोरासमोर बसतात. डफ-तुणतुण्याच्या साथीवर एक शाहीर सवाल टाकतो, झीलकरी ध्रुपद उचलून धरतात, आणि प्रतिपक्षाने त्याला काव्यातच जबाब द्यावयाचा असतो. नुसते उत्तर माहीत असून भागत नाही. चाल सांभाळून, यमक जुळवून, ऐकणाऱ्यांना पटेल अशा रीतीने ते गावे लागते. गावकरी रात्रभर बसतात आणि कोण अडला, कोण तरला, याचा निवाडा तेच करतात.

या फडातील प्रश्नांचे दोन थर आहेत, आणि ते वेगळे केल्याविना भेदिक काव्याचा न्याय करता येणार नाही. पहिला थर मोजण्याजोग्या प्रश्नांचा : अमक्याचा पिता कोण, तमक्या युद्धात कोणते अस्त्र कोणी वापरले, देहात तत्त्वे किती. यांची उत्तरे पुराणांत वा वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत ठरलेली असतात. ज्याचे पाठांतर अधिक, तो जिंकतो. दुसरा थर एकाच प्रश्नाचा आहे : आधी शक्ती की आधी शिव? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते मिळावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. कोणत्याही पक्षाने तो कायमचा सोडवला असता, तर दुसऱ्या दिवशी फड उभाच राहिला नसता. मोजण्याजोगे प्रश्न हे मणी आहेत, आणि न सुटणारा प्रश्न हा त्यांचा दोरा आहे.

जेथे हा दोरा बळकट असतो, तेथे एखादा क्षुल्लक सवालही अर्थाने भारतो. कारण तो शेवटी त्या मोठ्या प्रश्नाकडे नेतो, आणि स्त्री-पुरुष, दृश्य-अदृश्य, देह-आत्मा यांविषयीचे गावाचे चिंतन त्यातून प्रकट होते. जेथे दोरा तुटतो, तेथे उरते ती यमकबद्ध माहिती. पुष्कळ भेदिक रचना या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. प्रतिपक्षाला अडवण्यासाठी दुर्मीळ नावे हुडकणे, मुद्दाम संदिग्ध आकडे घालणे, हा दंडीने सांगितलेल्या परव्यामोहनाचाच अवतार होय. त्या रचनांवरील विद्वानांचा आक्षेप योग्य आहे. परंतु तेवढ्यावरून सवाल-जबाब हा प्रकारच काव्यबाह्य ठरवणे हे पुण्णकाच्या वाचनासारखे होईल. १९६४ साली अनंत माने यांनी 'सवाल माझा ऐका!' हा चित्रपट केला, तेव्हा शहरी प्रेक्षकही त्याकडे ओढला गेला. त्या आकर्षणाचे मूळ पौराणिक माहितीत शोधून सापडणार नाही. एका माणसाने गाऊन विचारलेल्या गोष्टीला दुसऱ्याने गाऊनच उत्तर देणे भाग आहे, या बंधनात ते आहे.

मराठवाड्याला या बंधनाची आणखी एक ओळख आहे. वली आणि सिराज या कवींमुळे औरंगाबादचे नाव उर्दू काव्याच्या इतिहासात प्रारंभापासून आहे. उर्दूतील तरही मुशायऱ्यात एक मिसरा आधी देण्यात येतो. त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात प्रत्येक कवीने गझल रचून आणावयाची असते. येथे दिलेला मिसरा हाच प्रश्न, आणि प्रत्येकाची गझल हे त्याचे उत्तर. एकाचे उत्तर बरोबर आले म्हणून दुसऱ्याचे चुकत नाही. एकाच प्रश्नाला दहा उत्तरे येतात, आणि श्रोत्याला प्रत्येक उत्तराने मूळ मिसरा नव्याने ऐकू येतो. समस्यापूर्तीचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

५

आता राहिलेला मुद्दा : ही सभा कोणाची? कलगी-तुऱ्याचा फड नागरकांच्या गोष्ठीहून निश्चितच उदार होता. शाहिरांत ब्राह्मण राम जोशी होते, शिंपी परशराम होते, मुसलमान सगनभाऊ होते. श्रोत्यांकडून वित्ताची अट नव्हती. तथापि ज्ञानाची अट होती. प्रश्न पुराणांतून येत, म्हणून उत्तरही पुराणांतूनच यावे लागे. ज्यांना त्या पुराणांनी हीन ठरवले होते, त्यांनी त्याच पुराणांचे पाठांतर करूनच फड जिंकावयाचा, ही त्या उदारतेची मर्यादा होती.

ही मर्यादा ज्यांनी ओलांडली, त्यांची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली झाली, आणि त्या चळवळीतून पुढे उभ्या राहिलेल्या जलशांनी तमाशाचा सांगाडा कायम ठेवून त्यातील प्रश्न बदलले. आंबेडकरी जलशांनी, विशेषतः भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी, हेच कार्य आणखी पुढे नेले. 'तत्त्वे किती' या प्रश्नाच्या जागी 'पाणवठा कोणाचा' हा प्रश्न आला. या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधता येत नाही. ज्याने तहान सोसली आहे, तो प्रत्येक जण त्याचा जाणकार ठरतो. म्हणजे केवळ विषय बदलला असे नव्हे. ज्ञान कशाला म्हणावे आणि उत्तर देण्याचा अधिकार कोणाला, हेच बदलले. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले, तेव्हा या भागातील दलित साहित्याने जे प्रश्न विचारले, त्यांची एक पूर्वपीठिका जलशाच्या सवालात होती, असे मानण्यास जागा आहे. भामहाने उपस्थित केलेली न समजणाऱ्याची चिंता येथे अशा रीतीने मिटली की, ज्याला समजत नाही असे मानले जात होते, तोच प्रश्नकर्ता झाला.

६

या पार्श्वभूमीवर आजच्या सभेकडे वळू. आधुनिक मराठीत कवितेची साप्ताहिक बैठक नवी नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. त्यांपैकी यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाने कविता सभागृहांत नेली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचन करून फार मोठा श्रोतृवर्ग कवितेकडे आणला. हा लाभ अमूल्य आहे. परंतु मंडळाच्या खाजगी बैठकीत श्रोता हाच कवी होता व त्याला उत्तर देता येत होते. सभागृहातील श्रोत्याकडे टाळी आणि 'वाहवा' एवढीच दाद उरली. फडाचा निवाडा करणारा गावकरी येथे प्रेक्षक झाला.

पबमधील प्रश्नमंजुषेचा इतिहास निराळा आहे. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात, विशेषतः १९७६पासून बर्न्स आणि पोर्टर यांनी चालवलेल्या सामन्यांमुळे ती रूढ झाली. भारतात सार्वजनिक प्रश्नमंजुषेचा आरंभ १९६७ साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी केला असे मानले जाते. पबमधील खेळाची रीत सोपी आहे. चार-सहा जणांचे गट मेजांभोवती बसतात, सूत्रधार प्रश्न वाचतो, उत्तरे कागदावर लिहिली जातात, गुण मोजले जातात. या रीतीत एक गुण आहे आणि तो मान्य करावयास हवा : येथे श्रोता स्वस्थ बसत नाही. तो आठवतो, शेजाऱ्याशी कुजबुजतो, चुकतो, हसतो. काव्यवाचनाने गमावलेली श्रोत्याची क्रियाशीलता येथे शिल्लक आहे. साहजिकच सूत्रधाराला वाटते की या जागृत श्रोत्याला मध्येच कविता ऐकवावी.

अनर्थ येथेच होतो. प्रश्नमंजुषेतील प्रश्न फडातल्या मण्यासारखा आहे, परंतु त्याला दोरा नाही. उत्तर कळताच प्रश्न मरतो आणि पुढच्याला जागा देतो. या लयीत अर्धा तास रमलेले मन कवितेपुढे आले की तिलाही तो तोच न्याय लावते : ही कशाविषयी आहे, कळले, पुढची आणा. दोन फेऱ्यांच्या मध्ये वाचलेली कविता म्हणजे गुण मोजून होईपर्यंतचा विरंगुळा ठरतो. कवीलाही हे लवकरच उमगते. तो चटकन 'उत्तर' देणारी, शेवटच्या ओळीत टाळी घेणारी कविता लिहू लागतो. आजच्या मंचीय कवितेतील पुष्कळ कविता अखेरच्या धक्क्यासाठीच रचल्यासारख्या वाटतात, त्याचे एक कारण या सवयीत असावे.

येथे एक आक्षेप संभवतो. एवढा विचार करण्याची गरज काय? लोक करमणुकीसाठी जमतात. त्यांना प्रश्नही हवे असतात, कविताही हव्या असतात. हा आक्षेप हलका मानण्याचे कारण नाही, कारण वात्स्यायनानेही केवळ क्रीडा हेच प्रयोजन असणाऱ्या गोष्ठीला मान्यता दिली आहे. परंतु परंपरेतील क्रीडेत कविता ही खेळाचे साधन होती, खेळातील मधली सुट्टी नव्हती. समस्या श्लोकातच पुरी करावी लागे, मिसऱ्याला गझलेनेच उत्तर द्यावे लागे, सवालाचा जबाब गावाच लागे. प्रश्न आणि काव्य यांचे सान्निध्य हानिकारक नव्हे. त्यांचा परस्परसंबंध तुटणे हानिकारक आहे.

७

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो, तो सूत्रधाराच्या कर्तव्याविषयी आहे. ज्याला एकाच सायंकाळी दोन्ही चालवावयाची आहेत, त्याने कविता प्रश्नांच्या मध्ये बसवू नये. प्रश्नांतून कविता निघेल असे पाहावे. एक ओळ देऊन आठवड्याभरात पूर्ती मागवता येते. एका गटाने पद्यात विचारावे आणि दुसऱ्याने पद्यात सांगावे, अशी एक फेरी ठेवता येते. अट एवढीच की निदान एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर सूत्रधाराच्या हातातील कागदावर लिहिलेले नाही. तो प्रश्न त्या सायंकाळचा दोरा होईल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पबच्या दाराशी वित्ताची अट आहे, आणि प्रश्नमंजुषेत, पुष्कळदा इंग्रजीतून मिळालेल्या माहितीची, ज्ञानाची अट आहे. म्हणजे नागरकाची गोष्ठी आणि कलगी-तुऱ्याचा फड या दोघांच्याही मर्यादा तेथे एकत्र आल्या आहेत, आणि जलशाने मिळवलेला अधिकार मात्र आलेला नाही. विद्यापीठातील मराठी विभागांना या बाबतीत काही करता येण्यासारखे आहे. आपल्याकडे वाङ्मयीन प्रश्नमंजुषा होतात, काव्यवाचनेही होतात. कवींची जन्मसाले आणि ग्रंथांची नावे विचारणारी प्रश्नमंजुषा भेदिकाच्या मोजण्याजोग्या थराचीच पुनरावृत्ती आहे. तिच्याऐवजी विद्यार्थ्यांनी परस्परांना काव्यात प्रश्न करावे, आणि ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते त्यालाही ज्याचे उत्तर देता येईल असे प्रश्न करावे. शाहिरीचा अभ्यासक्रम हस्तलिखितांच्या पाठभेदांबरोबर या प्रयोगानेही शिकवता येईल. पद्यात तत्काळ उत्तर देणे किती कठीण आहे याचा अनुभव घेतलेला विद्यार्थी भेदिक लावणीला 'कसरत' म्हणून बाजूस सारण्यापूर्वी थांबेल. आणि त्यातील पोकळ कसरत कोणती हेही तो अधिक नेमके सांगेल.

दुसऱ्या लेण्यातील कथेत विधुर वाचला, तो त्याला उत्तर ठाऊक होते म्हणून नव्हे. उत्तर हिरावून घेण्यास आलेल्याला त्याने थांबवून ऐकावयास लावले, म्हणून तो वाचला. प्रश्नांच्या सभेत कवितेने टिकावे असे ज्यांना वाटते, त्यांना श्रोत्याकडून एवढेच मागावयाचे आहे. आणि त्यासाठी सभेची रचना बदलण्याची जबाबदारी कवीपेक्षा सूत्रधाराची अधिक आहे.